अमेरिकेंतील स्विस गायनमंडळें व त्यांचीं दप्तरें

ज्या पानांवर वाचकांस सनदा, महजर आणि कुळकर्ण्यांचीं दप्तरें पाहण्याची संवय आहे, तेथें स्वित्झर्लंडांतून अमेरिकेंत गेलेल्या विणकरांच्या व गवळ्यांच्या गायनमंडळांची हकीकत कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच होय. स्विस लोकांशीं आपला परिचय बहुधा मनगटावरील घड्याळापुरता. कोंकणांत तो घराच्या छपरापर्यंत पोंचतो. कारण आपण ज्यांस मंगळुरी कौलें म्हणतों त्यांचा कारखाना बासल मिशननें एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत मंगळूर येथें काढला होता. पण प्रस्तुत लेखाचें प्रयोजन कौलें नव्हेत, कागद आहेत. एखादा समाज आपलें गांव सोडून दूर जातो तेव्हां तो बरोबर काय नेतो, आणि त्यांतील किती अंश कागदावर उतरतो, हा आपल्याच अभ्यासाचा प्रश्न आहे. शिवाय या मंडळांचीं जुनीं दप्तरें ज्या लिपींत आहेत ती लिपि त्यांच्या नातवंडांस वाचतां येत नाहीं. हें दुःख मोडी वाचणाऱ्यांस वेगळें समजावून सांगावयास नको.

स्विस मनुष्य म्हणजे उपजतच गाणारा, हा समज प्रथम बाजूस सारला पाहिजे. झुरिक शहरांत धर्मसुधारक झ्विंग्ली याच्या मतानुसार १५२५ च्या सुमारास देवळांतील गाणें बंद पडलें, लवकरच ऑर्गन वाद्येंही मोडून काढण्यांत आलीं, आणि उपासनेंत गाणें पुन्हां सुरू व्हावयास १५९८ साल उजाडावें लागलें. झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यें वाजविण्यांत निपुण होता, हें विशेष. तात्पर्य, ज्या शहरांतून पुढें गायनमंडळांची चळवळ निघाली तेथें सत्तरांहून अधिक वर्षें देवापुढेंही कोणी गात नव्हतें. ती चळवळ ही डोंगरांतील पुरातन रूढि नसून एका शिक्षणप्रयोगाचें फळ आहे.

तो प्रयोग करणारा हान्स गेओर्ग नेगेली (१७७३–१८३६) हा झुरिकचा संगीतप्रकाशक. त्यानें १८०५ सालीं तेथें गायनाची एक संस्था काढली, व १८१० सालीं प्फायफर नामक शिक्षकाच्या साह्यानें गायनशिक्षणाचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पद्धति पेस्टालोझीच्या शिक्षणतत्त्वांवर आधारलेली होती. आधीं लय, मग स्वरांचा चढउतार, मग त्यांचा लहानमोठा जोर, अशीं अंगें निरनिराळीं घोटून घ्यावयाचीं व नंतर तीं एकत्र करावयाचीं. ज्यानें पद, क्रम, जटा यांची पाठशाळा पाहिली आहे त्यास ही कल्पना परकी वाटणार नाहीं. मात्र आपल्याकडे ती निवडक मुखांसाठीं राखलेली होती. नेगेलीस ती सुतार, चांभार, शाळामास्तर अशा सर्वांच्या मुखीं घालावयाची होती. चार आवाजांचें पुरुषांचें गाणें, दोन उंच व दोन खर्जाकडचे, हें त्याचें आवडतें साधन झालें. त्यास वाद्यें लागत नाहींत, रंगभूमि लागत नाहीं, आणि पन्नास माणसें एकदम उभीं राहून एकच शब्द उच्चारतात. अशा मंडळास जर्मन भाषेंत मेनरकोर, म्हणजे पुरुषगायकवृंद, असें नांव आहे.

संग्राहक वाचकांसाठीं येथें थोडें विषयांतर करतों. बाख या श्रेष्ठ रचनाकाराच्या बी मायनर मास या कृतीची स्वहस्तलिखित प्रत १८०५ सालीं बाखच्या मुलाच्या घराण्याकडून नेगेलीनेंच विकत घेतली. सर्व काळांतील व सर्व राष्ट्रांतील सर्वश्रेष्ठ संगीतकृति, अशा आशयाची जाहिरात देऊन त्यानें १८१८ सालीं ग्रंथ छापण्याचा संकल्प जाहीर केला. परंतु तो त्यावेळीं सिद्धीस गेला नाहीं. अर्धा भाग १८३३ सालीं आणि उरलेला १८४५ सालीं, म्हणजे नेगेलीच्या मृत्यूनंतर, छापून निघाला. मूळ प्रत आतां बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयांत असून लोहयुक्त शाईनें तिचा कागद जागोजाग खाल्ला आहे. हा झाला नेगेलीचा पुण्यभाग. दुसरी बाजू अशी कीं, बीथोवनच्या ३१ व्या क्रमांकाच्या वाद्यरचना छापतांना याच गृहस्थानें पहिल्या रचनेंत आपल्या पदरचे चार चरण घुसडून दिले, बीथोवन संतापला, व दुसऱ्या प्रकाशकाकडून शुद्ध आवृत्ति काढवावी लागली. प्रत जपणारा तोच आणि पाठ बिघडविणाराही तोच! पोथ्यांच्या व्यवहारांत असा मनुष्य आपणांसही अनोळखी नाहीं.

असो. नेगेलीच्या शिकवणुकीनें गांवोगांव मंडळें निघालीं. आपेन्झेल प्रांतांत १८२४ सालीं पाद्री वाइसहाउप्ट याच्या पुढाकारानें गायकांचा संघ झाला. पुढें १८४२ सालीं सर्व स्विस मंडळांचा एक महासंघ स्थापन होऊन १८४३ सालीं झुरिक येथें त्याचा पहिला मोठा मेळावा भरला. या मेळाव्यास झेंगरफेस्ट असें म्हणतात. हीं सालें नीट ध्यानांत ठेवलीं पाहिजेत. स्वित्झर्लंड हें आजच्या अर्थानें एक संघराज्य झालें तें १८४८ सालीं, आणि तेंही आदल्या वर्षींच्या यादवी युद्धानंतर. म्हणजे गाणाऱ्यांचें ऐक्य राज्याच्या ऐक्याच्या सहा वर्षें आधीं झालें. त्या १८४३ च्या मेळाव्यांत गाइल्या गेलेल्या एका गीताचा इतिहास मोठा बोलका आहे. त्याची चाल अल्बेरिक झ्विस्सिग नांवाच्या कॅथॉलिक साधूची. ती त्यानें मुळांत एका लॅटिन धर्मपाठासाठीं बांधलेली. शब्द लेओनहार्ड विडमर या झुरिकच्या प्रॉटेस्टंट व उदारमतवादी प्रकाशकाचे. आणि ज्या वर्षीं, म्हणजे १८४१ सालीं, या दोघांनीं मिळून तें गीत सिद्ध केलें त्याच वर्षीं साधूचा मठ उदारमतवादी सरकारनें खालसा केला होता. तेंच गीत १९८१ पासून स्वित्झर्लंडचें अधिकृत राष्ट्रगीत आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें नेगेलीची पद्धति स्विस गायनमंडळांच्या आधींच पोंचली होती. वुडब्रिज नामक अमेरिकन भूगोलकार स्वित्झर्लंडांतील शाळा पाहून आला आणि १८३० सालीं बॉस्टन येथें शाळांतून गायन शिकवावें या विषयावर त्यानें व्याख्यान दिलें. त्यानें आणलेलीं जर्मन गाण्यांचीं पुस्तकें लोवेल मेसन या संगीतशिक्षकाकडे गेलीं. मेसननें तीं सॅम्युएल स्मिथ नांवाच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यास दिलीं. व त्यांतील एका चालीवर स्मिथनें देशगीत रचलें. तें १८३१ च्या ४ जुलैस बॉस्टनमध्यें प्रथम गाइलें गेलें व पुढें शंभर वर्षें अमेरिकेंत जवळजवळ राष्ट्रगीत म्हणून मानलें गेलें. ती चाल म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या गीताचीच चाल होय. इकडे बर्नच्या व्हीस या लेखकानें १८११ सालीं स्विस लोकांसाठीं जें देशगीत लिहिलें तेंही याच चालीवर, आणि १९६१ पर्यंत स्वित्झर्लंडांत तेंच राष्ट्रगीताच्या जागीं चालत असे. तेव्हां बोटींतून उतरलेल्या स्विस मनुष्यास जुना देश व नवा देश दोहोंचें स्तवन एकाच चालीवर करतां येई. शब्द तेवढे बदलावे लागत. आमच्या आजोबांच्या पिढीनें शाळेंत उभें राहून म्हटलेली चाल हीच.

वसाहतींची सर्व यादी देण्यांत अर्थ नाहीं. इलिनॉय प्रांतांतील हायलंड हें गांव लूत्सर्न प्रांतांतून आलेल्या क्योप्फ्ली कुटुंबानें व त्याच्या सोबत्यांनीं १८३१ सालीं वसविलें. इंडियाना प्रांतांतील टेल सिटी हें सिनसिनाटीच्या एका स्विस वसाहतसंस्थेनें १८५८ सालीं योजून उभारलें. सर्वांत माहिती उपलब्ध आहे ती विस्कॉन्सिन प्रांतांतील न्यू ग्लारसची. ग्लारस या डोंगरी प्रांतांत हातमागाचा धंदा यंत्रांपुढें बसला, पिकें बुडालीं, आणि ग्रामसंस्थांनीं स्वतः पैसा घालून लोकांस परदेशीं पाठविण्याचें ठरविलें. ड्युर्स्ट नांवाचा न्यायाधीश व श्ट्राइफ नांवाचा लोहार या दोघांस जमीन पाहण्यास पुढें पाठविलें. त्यांनीं १२८० एकर जमीन घेतली. मागून १८४५ च्या १६ एप्रिलला १९३ माणसें निघालीं. ऱ्हाइन नदीनें समुद्र, समुद्रानें बाल्टिमोर, तेथून पुन्हां नद्यांनीं मिसिसिपीकांठ, असा प्रवास करीत १५ ऑगस्टला मुक्कामीं पोंचलीं तीं १०८. दर कुटुंबास २० एकर जमीन चिठ्ठ्या टाकून मिळाली. हे लोक निघाले तेव्हां स्विस संघराज्य अस्तित्वांत नव्हतें. ते स्वतःस ग्लारसकर म्हणत. बर्नकर व झुरिककर हे त्यांस जवळजवळ परप्रांतीय. परदेशांत, गायनमंडळाच्या दिवाणखान्यांत, एकाच पुस्तकांतून गातांना ते सर्व स्विस झाले. या मंडळांचें ऐतिहासिक महत्त्व माझ्या मतें येथें आहे, गाण्याच्या गोडव्यांत तितकें नाहीं.

यांत भाषेचाही एक मजेदार प्रकार आहे. घरांत, गोठ्यांत, बाजारांत बोली स्विस जर्मन, ती प्रांताप्रांताची वेगळी. मंडळांतील बहुतेक गाणीं मात्र ग्रांथिक जर्मनांत. मालवणी किंवा वऱ्हाडी घरांतील मुलानें शाळेंत पुण्याच्या पुस्तकांतील कविता म्हणावी तसा हा प्रकार. त्यामुळें न्यू ग्लारसच्या आसपास बोली जशी तोंडोतोंडीं टिकली तशी ग्रांथिक जर्मन टिकली नाहीं. ती मंडळ, देऊळ व वर्तमानपत्र यांच्या आधारानें उभी होती आणि ते आधार गेल्यावर गेली.

मंडळाचा कारभार कसा चाले? छापील नियमावलि, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, गाणें शिकविणारा संचालक, दरमहा वर्गणी, तालमीस न येणाऱ्यास दंड. गाणारे सभासद निराळे व केवळ वर्गणी देणारे निराळे. रेशमी निशाण हें मंडळाचें दैवत. तें बहुधा स्त्रियांनीं भरतकाम करून द्यावें व त्याचा प्रतिष्ठासमारंभ मोठ्या थाटानें व्हावा. स्त्रियांस गाण्यांत स्थान मिळालें तें उशिरां, निराळीं स्त्रीमंडळें व मिश्रमंडळें निघालीं तेव्हां. मेळाव्यांत परीक्षक बसत आणि जिंकणाऱ्यास चषक, पुष्पमाला किंवा पिण्याचें शिंग मिळे. अनेक ठिकाणीं गायनमंडळाच्या जोडीस परस्परसाहाय्यक संस्थाही असत. १८३८ सालीं जिनीव्हा येथें कारागिरांनीं काढलेल्या ग्र्यूटली संघाचें नांव व धोरण अमेरिकेंतील पुष्कळ संस्थांनीं उचललें. आजाऱ्यास मदत, मयताच्या विधवेस रक्कम, प्रेतयात्रेंत गाणें, हीं सर्व एकाच दिवाणखान्यांतून होत. ब्रुकलिनच्या ग्र्यूटली संघांतील कांहीं सभासदांनीं तर १८६९ सालीं पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांत जाऊन हेल्व्हेशिया नांवाचें गांवच वसविलें. मंडळानें गांव काढल्याचें असें उदाहरण आपल्याकडे शोधूनही सांपडणार नाहीं.

आतां गाण्यांकडे. मंडळांच्या पुस्तकपेटींत हमखास सांपडणारा ग्रंथ म्हणजे इग्नात्स हाइम (१८१८–१८८०) यानें झुरिक येथें संपादिलेला पुरुषगायकांसाठींचा गीतसंग्रह. लोक त्यास नुसतें 'हाइम' म्हणत, जसें आपण 'नवनीत' म्हणतों. त्यांतील व तत्सम संग्रहांतील गाणीं गाणाऱ्यांस पूर्वापार वाटत. तपासूं गेल्यास निराळेंच दिसतें. विल्हेल्म टेलची कथा त्यांच्या मनांत ठसली ती जर्मन कवि शिलर याच्या १८०४ च्या नाटकानें, आणि शिलरनें स्वित्झर्लंड डोळ्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. नेपोलियनच्या रशियांतील माघारींत बेरेझिना नदीवर १८१२ सालीं ग्लारसच्या लेगलर नामक अधिकाऱ्यानें गाइलेलें म्हणून जें गीत प्रसिद्ध आहे, त्याचे शब्द गीझेके या जर्मन कवीचे. आणि १३८६ सालच्या सेम्पाखच्या लढाईचें जें वीरगीत स्विस शाळांतून व मेळाव्यांतून घुमत असे, तें त्या लढाईनंतर साडेचारशें वर्षांनीं, १८३६ च्या सुमारास, हाइनरिख बॉसहार्ड या शाळामास्तरानें लिहिलेलें आहे.

हा बॉसहार्ड पुढें अमेरिकेंत गेला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. हायलंड येथें शेती करून तो राहिला आणि १८७७ सालीं तेथेंच त्यानें देह ठेवला. म्हणजे ज्या काळीं स्वित्झर्लंडांत त्याचें गीत राष्ट्रीय ठेवा म्हणून गाइलें जात होतें, त्या काळीं त्याचा कर्ता इलिनॉयच्या सपाट प्रदेशांत, जेथें क्षितिजावर टेंकडीही दिसत नाहीं तेथें, नांगर धरून होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील स्विस लोकांनीं त्याचें स्मारक उभारलें. लेखक स्वतः शाळामास्तर असल्यामुळें त्यास या गृहस्थाविषयीं अंमळ पक्षपात आहे, हें कबूल करतों.

गाण्याच्या प्राचीनत्वाविषयीं जसें सावध असावें तसें 'स्विस' या विशेषणाविषयींही. बार्नम नांवाच्या प्रसिद्ध तमासगिरानें १८४४ च्या सुमारास अमेरिकेंत आणलेले 'स्विस घंटावादक' हे इंग्लंडांतील लँकेशायरचे इंग्रज होते. मिशा वाढवून व पोषाख घालून ते स्विस झाले, असें त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. ज्या योडेलिंगवरून, म्हणजे कंठ्य व उंच स्वरांच्या झपाट्यानें होणाऱ्या आलटापालटीवरून, अमेरिकन प्रेक्षक स्विस मनुष्य ओळखत, तें त्यांस प्रथम बहुतेक टिरोलच्या फिरत्या गायकांनीं ऐकविलें. स्वित्झर्लंडांत योडेल गाणाऱ्यांची स्वतंत्र संघटना १९१० सालीं झाली, व तिच्या हेतूंपैकीं एक हाच कीं, टिरोली धाटणीपासून आपली धाटणी वेगळी राखावी. अमेरिकेंतील स्विस मंडळांत योडेलनें पुढें जें मानाचें स्थान मिळविलें तें यानंतरचें. जुन्या मेनरकोरांच्या कार्यक्रमांत ग्रांथिक चौस्वरी गीतांचाच भरणा असे.

स्विस गाण्याची खरोखर जुनी शाखा अमेरिकेंत आहे, पण ती या मंडळांत नाहीं. सोळाव्या शतकांतील छळ झालेल्या पुनर्दीक्षा पंथाच्या लोकांचा 'आउसबुंड' नांवाचा गीतसंग्रह १५६४ सालीं प्रथम छापला गेला, अमेरिकेंत १७४२ सालीं जर्मनटाउन येथें छापला गेला, आणि आमिश लोक तो उपासनेंत आजही वापरतात. पुस्तकांत केवळ शब्द, स्वरलिपि नाहीं. चाली मुखपरंपरेनें, अति संथ लयींत, पिढ्यान्पिढ्या आल्या. वेदपाठाचा अनुभव असलेल्यास त्याचें मोल लगेच कळेल. गंमत अशी कीं, ज्यांनीं मंडळें काढलीं, निशाणें मिरविलीं, वृत्तांत छापले, त्यांचीं गाणीं शंभर-सव्वाशें वर्षांत विरळ झालीं. ज्यांनीं कांहींच थाट केला नाहीं त्यांचीं टिकलीं. अर्थात् एकीकडे धर्माचा निर्बंध होता व दुसरीकडे केवळ आवड, हें विसरून चालणार नाहीं.

मंडळांच्या भरभराटीचा काळ म्हणजे १८८० नंतरचीं तीन दशकें. १८८१ ते १८९० या दहा वर्षांत सुमारें ८२,००० स्विस माणसें अमेरिकेंत उतरलीं. प्रत्येक मोठ्या शहरांत हेल्व्हेशिया किंवा ग्र्यूटली नांवाचें एखादें मंडळ असे, त्यांचे संघ झाले, पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळांचा संघ निराळा. न्यूयॉर्कहून १८६८ पासून निघणाऱ्या स्विस लोकांच्या जर्मन वर्तमानपत्रांत त्यांचीं वृत्तें येत.

मग १९१७ साल आलें. विस्कॉन्सिनांतील मन्रो हें चीजच्या व्यापाराचें, मुख्यतः स्विस व जर्मन वस्तीचें गांव. युद्ध पुकारलें जाण्यास तीन दिवस असतांना, ३ एप्रिल रोजीं, तेथील नागरिकांनीं मतदान केलें: युद्धाविरुद्ध ९५४, युद्धाच्या बाजूनें ९५. हा कौल देशभर गाजला व गांवावर देशद्रोहाचा शिक्का बसला. पुढल्या वर्षीं आयोवा प्रांताच्या राज्यपालानें शाळा, उपासना, सार्वजनिक जागा, इतकेंच नव्हे तर टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास मनाई केली. स्वित्झर्लंड तटस्थ होतें, पण जर्मन गाणाराच्या ओठांवरून तो जर्मन कीं स्विस हें शेजाऱ्यास कसें कळावें? त्यानंतर १९२४ च्या कायद्यानें स्विस लोकांस वर्षाला २,०८१ जागा राहिल्या व १९२९ पासून त्या १,७०७ झाल्या. नवा कंठ येणें थांबलें. जें उरलें त्याचें रूप बदललें. न्यू ग्लारस येथें १९३८ पासून टेलचें नाटक खुल्या मैदानांत होऊं लागलें, व १९४० ते १९४६ या काळांत हेलेन स्ट्रॅटमन-थॉमस या विदुषीनें विस्कॉन्सिनभर फिरून लोकगीतें ध्वनिमुद्रित केलीं त्यांत न्यू ग्लारसचीं स्विस गाणींही आलीं.

राहतां राहिलीं दप्तरें. जुनीं कार्यवृत्तें कुरेंट नांवाच्या धांवत्या जर्मन लिपींत आहेत. तींत ए आणि न हीं अक्षरें जवळजवळ सारखीं दिसतात, आणि उ हें अक्षर न पासून ओळखावयाचें तें डोक्यावरील लहानशा आंकड्यानें. मोडींतील ऱ्हस्वदीर्घाच्या अभावास सरावलेला वाचक येथें घाबरणार नाहीं. जर्मनीनें ही वळणें १९४१ सालीं शाळांतून काढलीं, आपण मोडी त्यानंतर थोड्याच काळानें काढली. दोन्हीकडे परिणाम एकच झाला. आजोबांच्या हातची वही नातवाच्या घरीं आहे, तिला तो नमस्कार करतो, पण वाचीत नाहीं. त्यांतून ग्लारसच्या लोकांत आडनांवें थोडीं आणि फ्रिडोलिन हें प्रांताच्या संरक्षक संताचें नांव घरोघर. तेव्हां एकाच वहींतील तीन फ्रिडोलिन हे तीन माणसें कीं एक, हें वर्गणीच्या हिशोबावरून ताडावें लागतें. हिशोबाची वही म्हणून कार्यवृत्ताइतकीच मोलाची. ती खोटें बोलत नाहीं व भाषणेंही करीत नाहीं. आणि कार्यवृत्त हातीं आलें तर पहिली गोष्ट पाहावी ती ही कीं, जर्मन कोणत्या पानावर थांबतें व इंग्रजी कोणत्या पानावर सुरू होतें, आणि त्या दोन पानांवरील तारखा काय आहेत.

संग्राहक निशाणें व चषक उचलतात, कारण तीं भिंतीवर शोभतात. गाण्याचे सुटे कागद मात्र रद्दींत जातात. चार आवाजांचें गाणें चार निरनिराळ्या वह्यांत लिहिलेलें असतें, प्रत्येक गायकाच्या हातीं फक्त त्याचाच आवाज. त्यामुळें एखाद्या पेटींत दुसऱ्या खर्जाच्याच बारा वह्या सांपडतात व गाणें कोणतें हें कळत नाहीं. तरी त्या टाकूं नयेत. त्यांच्या कडांवर शिसपेन्सिलीनें केलेल्या खुणा असतात: येथें श्वास घ्यावा, येथें हळू, ही ओळ गाळावी, आणि क्वचित् छापील जर्मन शब्दाखालीं त्याचा इंग्रजी उच्चार. ती शेवटची खूण जेथें भेटेल तेथें तारीख नसली तरी पिढी कळते. पुढील अंकीं, शक्य झाल्यास, कुरेंट लिपीची वर्णमाला मोडीच्या शेजारीं मांडून देण्याचा विचार आहे. कोणा वाचकाजवळ बासल मिशनच्या जुन्या जर्मन पत्रांची एखादी प्रत असल्यास त्यांनीं मंडळाकडे कळवावें, म्हणजे नमुन्यास उपयोग होईल.